दोन नंबर, एक फोन

पाळणाघरात आठ मुलं होती आणि दाराच्या आतल्या बाजूला अकरा नियमांचा कागद लावलेला होता. कागद काकांनी लिहिला होता. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, अक्षर सुवाच्य, स्वभाव नोटिशीसारखा. नियम काकूंचे होते; पाळणाघर त्या चालवायच्या. फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. पंधरा दिवस उशीर झाला तर मूल घ्यायचं नाही. मूल काढायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं, नाहीतर त्या महिन्याची फी भरायची. आजारपणाचे, सुट्टीचे दिवस फीतून वजा होणार नाहीत. प्रत्येक पालकाने दाखल करताना खाली सही केलेली. आई आणि वडील, दोघांनीही.

बारावा नियम कागदावर नव्हता. मुलासमोर पैशांबद्दल बोलायचं नाही. तो काकूंनी स्वतःला घालून घेतलेला होता. नऊ वर्षांपूर्वी एका बाईला त्यांनी दारातच फीची आठवण करून दिली होती. दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या पाच वर्षांच्या मुलाने डबा उघडला, तर आत खाऊऐवजी सुटी नाणी होती. सगळी मोजून अर्धा कप दूधही आलं नसतं. काकूंनी डबा बंद करून दप्तरात ठेवला आणि तेव्हापासून दारात पैशांचा विषय काढला नाही.

या नियमाची एक अडचण होती. पालक पाळणाघरात येतात ते मूल सोडायला आणि मूल न्यायला. म्हणजे ते भेटतात तेव्हा मूल हजर असतंच.

बहुतेकांच्या बाबतीत याने काही बिघडत नव्हतं. फोन केला की पैसे येत. चिमणीच्या बाबांच्या बाबतीत बिघडलं. चिमणी चार वर्षांची, आठ जणांत दुसऱ्या नंबरची मोठी. तिची आई रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती आणि सकाळी सहालाच घर सोडायची, म्हणून आणणं-नेणं बाबांकडे. गेल्या तीन महिन्यांची फी आली नव्हती. काकूंनी फोन केला तर तो वाजून वाजून बंद व्हायचा. मेसेज केला तर उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र यायचं.

"अंगठा दाखवला म्हणजे काय समजायचं ते समज," काका म्हणाले. "आमच्या वेळी दोन बिलं थकली की आम्ही पाणी तोडायचो. तू काय तोडणार?"

"तुम्ही कळ फिरवून निघून यायचात. घरात कोण तहानलंय ते बघायला थांबायचा नाहीत."

"म्हणून तर वसुली व्हायची."

संध्याकाळी चिमणीचे बाबा आले की चप्पल काढायच्या आधी मुलीला उचलून घेत. मग तिच्या खांद्यावरून काकूंकडे बघून हसत. "काय काकू, त्रास नाही ना दिला?" म्हणेपर्यंत ते जिन्यात पोचलेले असत. पहिल्या महिन्यात काकूंना वाटलं, बापाला लेकीचं वेड आहे. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस मुलीला ढालीसारखं धरतो. नियम कागदावर नसला तरी त्याने तो बरोबर वाचला होता.

आता हिशोब. चिमणीची फी म्हणजे ताईंच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ताई म्हणजे पाळणाघरातल्या मदतनीस, पन्नाशीच्या, सहा वर्षांपासून कामाला. परवान्याप्रमाणे एका मोठ्या माणसामागे चार मुलं, दोघांमागे आठ. ताई नसतील तर चार मुलांना घरी पाठवावं लागणार, आणि चार मुलांच्या फीतून घरभाडं आणि विजेचं बिल गेलं की काकूंच्या हातात काही उरत नव्हतं. हे सगळं माहीत असूनही, फी आली नाही त्या पहिल्या महिन्यात काकूंनी कात्री ताईंच्याच पगाराला लावली. "तिसरा हिस्सा पुढच्या महिन्यात देते." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

महिना संपायला आठवडा उरला होता त्या सोमवारी, मुलांच्या पांघरुणांच्या घड्या घालताना ताई म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी एक तारीख आहे."

"माहीत आहे."

"मागचे दोन हिस्से आणि या वेळचा पूर्ण पगार. एक तारखेला मिळाला नाही तर दोन तारखेला मी येणार नाही. रागावून नाही सांगत. त्या कापड कंपनीच्या पाळणाघरात माणूस हवंय, त्यांनी दोनदा विचारलं."

"काय सांगितलंत त्यांना?"

"बघते म्हटलं."

काकूंनी पांघरूण उलगडून पुन्हा घडी घातली. घडी आधीही नीटच होती.

"काकांकडे मागा ना," ताई म्हणाल्या.

"त्यांचं पेन्शन यंदा दातांत गेलंय. खालचे चार."

"मग फी मागा. तुम्ही कुणाचं थकलंय ते माझ्यापासून लपवता, पण मी काय आंधळी आहे? चिमणीचं थकलंय." ताईंनी घड्या कपाटात ठेवल्या. "आणि तुम्हाला एक माहीत नाही. तिचे बाबा बागेत असतात."

"कुठल्या बागेत?"

"आपल्याच. मी मोठ्या चौघांना अकराला नेते ना, तेव्हा. रोज नाही, पण चार दिवसांत तीनदा तरी. पाण्याच्या टाकीपाशी बाक आहे, तिथे पाठ करून बसतात. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बॅग. मुलीने बघितलेलं दिसत नाही. मीही काही बोलले नाही. आपल्याला काय करायचंय."

काकूंना त्याच क्षणी दुसरी एक गोष्ट कळली. पूर्वी चिमणीचे बाबा आठवड्यातून दोनदा तरी उशिरा यायचे, धापा टाकत, मीटिंग लांबली म्हणून. गेल्या तीन महिन्यांत ते एकदाही उशिरा आले नव्हते. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला यावरून कळायला हवं होतं. नोकरी असलेला बाप इतका वक्तशीर नसतो.

बुधवारी एक बाळ तापामुळे आलं नाही. चिमणीला सर्दी होती. काकूंनी तिला आणि तीन तान्ह्यांना ताईंकडे ठेवलं, उरलेल्या तीन मोठ्यांना घेतलं आणि बागेकडे निघाल्या. परवान्यातला एकही आकडा मोडला नाही. काकांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "आज कळ फिरवायला निघालीस वाटतं?"

मुलं वाळूच्या हौदात उतरली. काकू टाकीपाशी गेल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, मुलं दिसतील अशा बेताने. चिमणीच्या बाबांनी मान वळवली. उठायला निघाले, पण उठले नाहीत. त्यांचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी बॅग पोटाशी धरली.

"चिमणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी. सर्दी आहे म्हणून ठेवलं. ताई आहेत तिच्याजवळ."

"जास्त आहे का?"

"नाक गळतंय. बाकी ठीक. अरे, वाळू तोंडात नाही." हे हौदाकडे बघून. मग त्याच आवाजात, "तीन महिन्यांची फी राहिली आहे."

"हो काकू. मी देणारच होतो."

"नोकरी कधी सुटली?"

"आमचा विभागच बंद केला त्यांनी. सोळा जण एका दिवसात. साडेतीन महिने झाले." मग ते सलग बोलू लागले, जणू कुणी विचारण्याचीच वाट बघत होते. महिना-दीड महिन्यात दुसरी मिळेल असं वाटलं होतं. दोन ठिकाणी शेवटपर्यंत पोचलेही. बायकोला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्या आठवड्यात तिच्या आईचं ऑपरेशन होतं, मग राहिलं, आणि एकदा राहिल्यावर कुठल्या दिवशी सांगायचं तेच कळेना. ती तिच्या वाट्याची अर्धी फी दर महिन्याला त्यांच्याकडे देते. ते पैसे घराच्या हप्त्यात जातात.

"म्हणजे तिला वाटतं फी भरली जातेय."

"हो."

"आणि तुम्ही ऑफिसला जाताय."

"हो."

काकूंनी मुलं मोजली. तिन्ही होती. "हे बघा," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात मी बोट घालणार नाही. पण नियमाच्या कागदावर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत. थकबाकीची नोटीस दोघांना जाते. ती मी आतापर्यंत पाठवली नाही, ही माझी चूक. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर पाठवणार."

"काकू, एक आठवडा द्या. पुढच्या बुधवारी एके ठिकाणी बोलावलंय. तिथलं नक्की होईल असं वाटतं."

"मंगळवारी मला ताईंचा पगार द्यायचाय. तुमची फी नाही म्हणून दोन महिने त्यांना कमी दिलाय. पुन्हा कमी पडला तर त्या जाणार, आणि त्या गेल्या तर मला चार मुलं घरी पाठवावी लागणार. तुमची मुलगी त्यांत असेल की नसेल हा प्रश्न वेगळा, पण चार असतील."

"ताईंना कमी दिलात?" ते म्हणाले. हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नसावं.

"मग काय छापू?"

ते ओशाळं हसले. "मी सांगतो तिला. आजच सांगतो."

"आज सांगा, उद्या सांगा, परवा सहापर्यंत सांगा. तुमच्या तोंडून कळलं तर बरं. माझ्याकडून कळलं तर ते पैशांचं कळेल, बाकीचं तिला स्वतःच शोधावं लागेल."

गुरुवारी सकाळी त्यांनी मुलीला दारात सोडलं आणि नजर चुकवली. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आले तेव्हा तिला उचललं नाही, तिचं बोट धरलं. काकूंनी भुवया उंचावल्या.

"आज बोलतो," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय बोलणार, बाबा?" चिमणीने विचारलं.

"काही नाही गं. चल."

साडेसहाला काकूंनी मेसेज लिहिला. काकांनी चष्मा लावून वाचला, 'कृपया' दोनदा आलंय म्हणून एक काढायला लावला. तीन महिन्यांची रक्कम, नियमाचा क्रमांक, सोमवारपर्यंत भरणा न झाल्यास मूल घेता येणार नाही. काकूंनी चिमणीचा प्रवेशाचा फॉर्म समोर घेतला, पहिला नंबर टाकला, मग दुसरा, आईचा. दुसरा नंबर फोनमध्ये साठवलेलाही नव्हता. दीड वर्षात तो त्यांनी कधी वापरलाच नव्हता.

पाठवल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"झालं?" काकांनी बाहेरून विचारलं.

"झालं."

"मी आता काही म्हणत नाही," काका म्हणाले.

शनिवारी पाळणाघर बंद असे. सकाळी नऊला बेल वाजली. दारात चिमणीची आई होती, एकटी. दीड वर्षात काकूंनी तिला तीनदा पाहिलं असेल. लॅबचा पांढरा कोट हातावर, डोळे सुजलेले, केस नीट विंचरलेले. ती आत आली आणि समोर जे दिसलं त्यावर बसली. ती मुलांची बुटकी खुर्ची होती. काकूंनी मोठी खुर्ची पुढे ओढली, पण ती उठली नाही.

"तुमचा मेसेज वाचून मी त्यांना विचारलं," ती म्हणाली. "मग सांगितलं. सगळं."

"बरं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"नोकरीचं या बुधवारी. फीचं तीन महिन्यांपूर्वी."

"तीन महिने. आणि माझा नंबर फॉर्मवर आहे. मी स्वतः लिहिलाय." तिचा आवाज चढला नव्हता. लॅबमध्ये नमुना चुकीच्या नळीत गेला तर जसं विचारत असेल, तसं ती विचारत होती. "एक फोन का नाही केलात?"

काकूंकडे उत्तर होतं, पण ते फारसं चांगलं नव्हतं. "पहिला नंबर लावायची सवय. न्यायला-आणायला ते येतात, म्हणून त्यांनाच. दुसरा लावायचं मनात आलं नाही. आणि दारात बोलायचं तर मुलगी समोर असायची. मुलासमोर पैशांचं बोलायचं नाही असं मी ठरवलंय. त्यांना वाईट वाटतं, कळायला लागतं."

"तिला माहीत आहे," चिमणीची आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"महिना झाला असेल. मी तिला झोपवत होते. म्हणाली, बाबा बागेत काम करतात. मी म्हटलं, बाबा ऑफिसात काम करतात. तर म्हणे नाही, बागेत, बाकावर. मी हसले. यांनाही सांगितलं हसत हसत. तेही हसले. तिने परत तो विषय काढला नाही."

आतल्या खोलीत काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. काकूंना ते पान उलटल्याचा राग आला.

"किती झाले?" चिमणीच्या आईने विचारलं.

काकूंनी कागद दिला. तिने दोनदा वाचला. "दोन महिन्यांचे आत्ता देते. तिसऱ्याचे दहा तारखेला. माझा पगार सातला होतो."

'चालेल' हा शब्द काकूंच्या तोंडाशी आला होता. सुजलेले डोळे घेऊन, बुटक्या खुर्चीत गुडघे वर करून बसलेल्या बाईला कुणीही तेच म्हटलं असतं. तीन महिने त्या तेच म्हणत आल्या होत्या, फक्त तोंडाने उच्चारलं नव्हतं एवढंच.

"नाही," काकू म्हणाल्या. "मला मंगळवारच्या आत तिन्ही लागतील." आणि त्यांनी ताईंच्या पगाराचं सांगितलं. पहिल्या महिन्याचा तिसरा हिस्सा, दुसऱ्याचा, आणि आता या महिन्याचा.

चिमणीची आई ऐकत होती. "म्हणजे माझ्या नवऱ्याचा पगार थांबला म्हणून तुमच्या बाईंचा थांबला."

"थांबवला मी. पण हो."

तिने फोन काढला. आधी कुणाला तरी मेसेज केला, बहुधा बहिणीला, आणि उत्तर येईपर्यंत भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांकडे बघत बसली. उत्तर आलं. मग पैसे पाठवले. तिन्ही महिन्यांचे. काकूंनी पावतीपुस्तक आणलं.

"माझ्या नावाने करा," ती म्हणाली. "यापुढे फोनही मला करा. आणि सोमवारपासून ती येणार नाही. घरी माणूस रिकामा आहे, मी पाळणाघराला कशाला पैसे भरू?"

काकूंनी पावती फाडली, तिच्या हातात दिली. "सातवा नियम आहे. काढायचं तर एक महिना आधी सांगायचं. पुढच्या महिन्याची फी द्यावी लागेल."

"आत्ताही?"

"आत्ताही. तिच्या जागी दुसरं मूल यायला तेवढा वेळ लागतो."

चिमणीच्या आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. काकूंना वाटलं, आता ही उठून जाईल आणि पैसे काही येणार नाहीत, आणि मला परत मागताही येणार नाहीत. पण ती हसली, तोंडाच्या एका कोपऱ्याने. "तुम्ही हा आवाज तीन महिन्यांपूर्वी काढायला हवा होता, काकू."

"हो," काकू म्हणाल्या.

"दहा तारखेला देते. हे मात्र दहालाच."

"चालेल. पाचाच्या ऐवजी दहा, तसं लिहून ठेवते."

"मग महिनाभर येईल ती. पैसे भरून घरी कशाला ठेवू? त्यांनाही बुधवारी जायचंय, बहुतेक खरंच." ती उठली, कोट घातला, बटणं लावली. दाराशी वळली. "एक सांगायचं होतं. ताई मुलांना बागेत नेतात तेव्हा हे तिथे असले, तर तिला हाक मारू द्या. चार वर्षांच्या पोरीला न बघितल्यासारखं करायला लागतंय. महिनाभर करतेय ती."

"सांगते ताईंना."

मंगळवारी, एक तारखेला, काकूंनी ताईंना पाकीट दिलं. ताईंनी नोटा त्यांच्यासमोर मोजल्या, दोनदा, वहीत सही केली आणि पाकीट पिशवीत तळाशी ठेवलं. कापड कंपनीचा विषय कुणी काढला नाही. अकरा वाजता त्या मोठ्या चौघांना घेऊन बागेत गेल्या.

बारा वाजता परतल्यावर त्यांनी मुलांचे हात धुतले आणि मगच काकूंना सांगितलं. ते बाकावर होते. चिमणी फाटकापाशी थांबली, ताईंकडे बघू लागली. ताई म्हणाल्या, जा, मार हाक. तिने मारली. ते उठून आले, बॅग बाकावरच विसरून. मग तिला झोक्यावर बसवून झोका देऊ लागले, तर बाकीचे तिघेही रांगेत उभे राहिले.

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग मी त्यांना सांगितलं, स्वतःच्या मुलीला हवा तेवढा झोका द्या. बाकीच्यांना हात लावायचा नाही, परवान्यात बसत नाही."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."